सहावीतल्या मुलाचा ऑनलाइन अभ्यास रात्री अकरापर्यंत संपत नाही. तुमच्याकडे कसं जमवता?

रानजाई
५ ऑगस्ट २०२१, रात्री ११:४८

आत्ता मुलगा झोपला, म्हणून लिहायला बसले.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यम, सीबीएसई. सकाळी ८ ते १२:३० असे चाळीस-चाळीस मिनिटांचे पाच तास होतात. जेवण उरकेपर्यंत ग्रुपवर अभ्यास पडायला सुरुवात होते. आजचा सांगते: गणिताची १८ उदाहरणं, विज्ञानाच्या धड्याखालची सगळी प्रश्नोत्तरं वहीत, हिंदीची वर्कशीट, इंग्रजी परिच्छेद, 'पाण्याची बचत' यावर दोन मिनिटं बोलतानाचा व्हिडिओ आणि चित्रकलेचं मागचं राहिलेलं. प्रत्येकाचे फोटो काढायचे, पीडीएफ करायची, अपलोड करायची.

ट्यूबलाइटखाली वही धरली की माझ्या हाताची सावली पानावर पडते. खिडकीत जावं तर बाहेर अंधार. विज्ञानाची सात पानं झाली होती. तिसरं आडवं आलं, परत काढलं. मग फाइल मोठी म्हणून घेईना. ती लहान करून पाठवली तर अक्षर दिसेना. तोवर हा माझ्या खांद्याला डोकं लावून उभ्या उभ्या पेंगत होता. मध्येच दचकून विचारायचा, "आई, गेलं का?"

काल जेवताना मी सहज विचारलं, आज काय शिकलास? म्हणाला, "शिकलो काय ते नाही माहीत, द्यायचं काय ते माहीत आहे."

घास घशाखाली उतरला नाही माझा.

मी घरून काम करते, नवऱ्याचं ऑफिस सुरू झालंय, स्वयंपाकाचं बरंच सासूबाई बघतात. म्हणजे घरात माणसं आहेत, तरी हे हाल. आणि कबूल करते, मंगळवारी हिंदीची अर्धी वर्कशीट मीच लिहिली, त्याच्या अक्षरासारखं अक्षर काढून. चूक केली का? तुम्ही हे घरी कसं बसवता? काही सोडून द्यायचं का, आणि द्यायचं तर काय?

---

मोरपीस
६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

अगदी अगदी. आमची दुसरीत आहे आणि तिलाही व्हिडिओ पाठवायचे असतात. कविता पाठ असते, पण कॅमेरा सुरू केला की पहिली ओळच विसरते. नऊ वेळा शूटिंग झालं परवा. दहाव्यांदा शेजारच्या आजींनी गॅलरीतून पुढची ओळ सांगितली, तोच पाठवून दिला.

---

सरळरेषा
६ ऑगस्ट, सकाळी ८:३२

रानजाई, थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. १८ उदाहरणं सहावीच्या मुलाला जास्त नाहीत. आम्ही उदाहरणसंग्रहच्या संग्रह सोडवले आणि त्याचा आयुष्यभर फायदा झाला. माझं निरीक्षण असं आहे की मुलांची बैठक मोडली आहे. दीड वर्ष घरात, हाताशी मोबाइल, मध्येच फ्रीज उघड, मध्येच कार्टून. दोन तासांचं काम सहा तास चालतं. आमच्याकडे दुपारी ३ ते ५ दार बंद, फोन बाहेर. मुलगी सातवीत आहे, पाचला सगळं संपलेलं असतं.

वर्कशीट तुम्ही लिहिलीत ते मात्र चुकलंच. आज हिंदी, उद्या गणित.

---

माळावरचा
६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

फोन बाहेर ठेवायचा तर अभ्यास कशावर बघायचा दादा? आमच्यात तर फोनच एक.

आम्ही पाटण तालुक्यात. तीन पोरं, चौथी, सातवी आणि नववी. फोन माझा, आणि मी दिवसभर कामावर. संध्याकाळी सातला घरी आलो की तिघंबी दारात उभी असतात, बापाची नाय तर फोनची वाट बघत. रेंज घरात येत नाय, देवळाच्या पायरीवर येते. पावसात तीबी जाते.

मग केलं काय, तर घराच्या मागच्या दाराला काळा रंग मारला. फोन आला की थोरली पहिल्यांदा सगळ्यांचा अभ्यास त्या दारावर खडूने उतरवते, अर्ध्या तासात. फोन मोकळा. मग ज्याचं त्यानं दार बघून लिहायचं. झालं की त्या ओळीवर काट मारायची. फोटो रविवारी एकदम पाठवतो, मास्तरांना तसं सांगून ठेवलंय. ते बरं म्हणाले.

---

मोरपीस
६ ऑगस्ट, सकाळी ९:२०

माळावरचा, दाराची कल्पना फार आवडली. थोरलीला शाबासकी सांगा.

---

खडूफळा
६ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी ठाण्यात एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, म्हणून पलीकडची बाजू सांगते.

माझ्या एका तुकडीत ४६ मुलं. प्रत्येकाने सात पानं पाठवली तर ३२२ फोटो. अशा तीन तुकड्या. मी ते रात्री फोनवर बोटांनी मोठे करून बघते. खरं सांगू? प्रत्येक उत्तर वाचलं जात नाही, पान आलं की नाही एवढंच बघून होतं. मग मी देते का? कारण आठवड्याच्या शेवटी मलाही शाळेला 'किती मुलांनी सादर केलं' याचा तक्ता द्यायचा असतो. पालकांतले काही फी भरतोय तर अभ्यास दिसू दे म्हणतात, तेही खरं आहे. शिवाय हिंदीच्या बाईंनी काय दिलं, गणिताच्या सरांनी काय दिलं, हे मला माहीत नसतं. स्टाफरूममध्ये असतो तेव्हा सहज बोलणं होतं, "आज मी जास्त दिलंय, तू थांब". ती स्टाफरूमच राहिली नाही. सहा जण आपापल्या घरून थोडं-थोडं देतात आणि त्याचा डोंगर एका मुलाच्या डोक्यावर जातो.

आणखी एक. आईचं अक्षर आम्हाला ओळखू येतं हो, कितीही मुलासारखं काढलं तरी. पण त्यापेक्षा 'आज त्याने अर्धंच केलं, दमला होता' अशी एक ओळ आली तर मला जास्त कळतं. वर्कशीट पूर्ण आली की मी समजते की येतंय, आणि पुढे सरकते. तिथे मुलाचं नुकसान होतं.

तुम्ही वर्गशिक्षिकेला लिहा. विषयशिक्षकांना वेगवेगळं नको, वर्गशिक्षिकेला. आणि 'अभ्यास फार होतो' असं मोघम लिहू नका. आठवडाभर कुठल्या विषयाला किती मिनिटं लागली ते लिहून पाठवा. त्यातली फोटो-पीडीएफची मिनिटं वेगळी दाखवा. असं कागदावर आलं की आम्हालाही वर दाखवता येतं.

---

हिशेबनीस
६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

खडूफळा यांच्या प्रतिसादाला जोड देतो. पत्र लिहाल तेव्हा दोन गोष्टी हाताशी ठेवा.

केंद्राच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन समोरासमोरच्या वर्गांची दिवसाला दोन सत्रं, प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांचं, एवढीच शिफारस आहे. नववी ते बारावीसाठी चार. पूर्वप्राथमिकला पालकांशी बोलण्यापुरती ३० मिनिटं. तुमच्याकडे पाच सत्रं होतात, म्हणजे पडद्यासमोरचा वेळ आधीच दुपटीच्या पुढे.

दुसरं, २०२० च्या शेवटी दप्तराच्या ओझ्याबद्दलचं धोरण आलं. सगळ्यांना त्यातलं दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्के एवढंच लक्षात आहे. पण त्यात गृहपाठाचीही मर्यादा आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून दोन तास. सहावीला एक तास! आपण कुठे आहोत बघा.

या शिफारशी आहेत, शाळेच्या तोंडावर फेकायला नाहीत. पण आपण लाड करत नाही आहोत, एवढं आपल्याच मनाला पटायला उपयोगी पडतात.

---

सरळरेषा
६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०२

एक तास? हे मला माहीत नव्हतं. तरी बैठकीचा मुद्दा मी सोडत नाही.

---

समुद्रपक्षी
७ ऑगस्ट, पहाटे ४:५०

न्यू जर्सीहून लिहिते. आमच्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि पुढचं जवळजवळ वर्षभर मुलगी (तेव्हा पाचवीत) घरूनच शिकली. इथे वेगळा त्रास. अभ्यास ग्रुपवर येत नाही, पोर्टलवर येतो, आणि दिला नाही की तिथे लाल अक्षरात 'मिसिंग' असं दिसत राहतं. एका आठवड्यात तिची १४ 'मिसिंग' झाली. ती लॅपटॉप उघडायलाच घाबरू लागली. पोट दुखतं म्हणायची, आणि दुखायचंही खरंच.

शेवटी शिक्षिकेला ईमेल केला. त्यांनी एका दिवसात उत्तर दिलं: मागचं सगळं सोडून द्या, या दोन गोष्टी करा, बाकीच्यांना मी 'माफ' अशी खूण करते. १४ मधली १२ गेली. मी इतके दिवस विचारलंच नव्हतं याची हळहळ वाटली. आपण इकडे आलो तरी बाईंना उलट कसं विचारायचं, हे मनात बसलेलंच असतं.

रानजाई, विचारा. नाही म्हणाल्या तर जिथे आहोत तिथेच राहू.

---

भाकरतुकडा
७ ऑगस्ट, सकाळी ८:४४

विषयांतर करतो, पण वातावरण हलकं व्हावं म्हणून. आमच्या चिरंजीवांचा इतिहासाचा तास चालू होता, माइक चालू राहिलेला. बाई शिवाजी महाराजांच्या आग्र्याच्या सुटकेपर्यंत आल्या होत्या, सगळा वर्ग शांत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली, "अरे, पेटारा कुठे ठेवलास?" तिला भाकरीचा डबा हवा होता, आमच्याकडे त्याला पेटारा म्हणतात. वर्ग पाच मिनिटं थांबला होता म्हणे.

---

मोरपीस
७ ऑगस्ट, सकाळी ८:५१

भाकरतुकडा, हसून हसून चहा सांडला. आजींना नमस्कार.

---

दूरदृष्टी
७ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. गेल्या वर्षभरात पहिल्या चष्म्यासाठी येणारी मुलं आमच्याकडे खूप वाढली. 'डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात' ही तक्रार तर रोजची. पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्याचा हा परिणाम. २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं, हा नियम मी सगळ्यांना सांगते. घरात २० फूट कुठे मिळतात? म्हणून खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघायला सांगा. आणि रोज थोडा वेळ तरी उन्हात, मोकळ्यावर सोडा. मुलांच्या नजरेसाठी ते फार गरजेचं आहे.

शक्य असेल तर वर्कशीट फोनवर बघून उतरवायला लावू नका. बारीक अक्षर, पान मोठं करायचं, सरकवायचं, पुन्हा वही. त्यात वेळ जातो आणि मान मोडते. जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एका दिवशी आठवड्याच्या प्रिंट काढून आणा.

---

डोंगरशाळा
७ ऑगस्ट, रात्री ९:३८

जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या पाड्यावर ऑनलाइन हा शब्दच लागू नाही. ३१ मुलांत स्मार्टफोन असलेली घरं सहा. गेल्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा टीव्ही असलेल्या दोन घरांत मुलं बसवली, एका घराची वीज गेली की सगळी दुसऱ्या घरी पळायची. या वर्षी १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आहे, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला. तो मी छापून घेतो आणि पाड्यांवर फिरून अंगणात चार-चार, पाच-पाच मुलं घेतो.

सांगायचं कारण असं, की फोन नसल्यामुळे आम्हाला एक गोष्ट आपोआप करावी लागली: थोडंच द्यायचं. एका मुलापाशी मी आठवड्यातून दोनदाच पोचतो. मग एकेका वेळी काय सांगू, हे मला आदल्या रात्री ठरवावं लागतं. भागाकार यायला हवा, तर बाकी सगळं बाजूला. मुलं लावणीच्या दिवसांत शेतावर असतात. मग रोपांच्या जुड्या मोजायला लावल्या. एका चुडीत किती, एका ओळीला किती चुडी. परवा एका मुलीने बांधावर उभं राहून मला सांगितलं, "गुरुजी, रोपं कमी पडणार." तिने आधी हिशेब केला होता, आणि खरंच कमी पडली.

शहरातल्या पालकांनी घरी हेच करावं असं मी म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी त्या ढिगातून एकच प्रश्न काढा: आजच्यातलं काय आलं नाही तर उद्याचं अडेल? तेवढं करा मनापासून. भागाकार अडला तर पुढचं सगळं अडतं. 'पाण्याची बचत'चा व्हिडिओ नाही गेला तर काही अडत नाही.

---

खडूफळा
७ ऑगस्ट, रात्री १०:०५

डोंगरशाळा, मनापासून नमस्कार. 'काय आलं नाही तर उद्याचं अडेल' हे मी उद्या माझ्या फळ्यावर लिहिणार आहे.

---

निवांत_आजोबा
८ ऑगस्ट, सकाळी ६:२०

निवृत्त मुख्याध्यापक आहे, ३४ वर्षे नोकरी झाली. नातू पाचवीत. सून दवाखान्यात परिचारिका, मुलगा बँकेत, त्यामुळे नातवाची शाळा माझ्याच ताब्यात आहे. पहिले दोन महिने मी त्याच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ बघत असे. नातू रोज रडे. मग सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही खोलीत असलात की तो तुम्हाला उत्तर देतो, वहीला नाही." त्या बरोबर होत्या. आता मी बाहेर व्हरांड्यात बसतो. अडलं तर तो येतो. तीनदा येतो, पूर्वी तीस वेळा विचारत असे.

सरळरेषा यांचा बैठकीचा आग्रह योग्य आहे, परंतु दहा-अकरा वर्षांच्या मुलाची बैठक अर्ध्या तासाची असते. शाळेतही ३५ मिनिटांनी घंटा होते, मुलं उठतात, पाणी पितात, भांडतात. ती घंटा घरी कोणी देत नाही. मी देतो. देव्हाऱ्यातली.

---

आईचाओवा
८ ऑगस्ट, दुपारी ३:१५

माझ्या मुलाला लिहायचा त्रास आहे, डिसग्राफिया. सातवीत आहे. त्याला दोन तासांची बैठक लावली तरी एक पान होतं, सरळरेषा, आणि ते आळसाने नाही हो. ऑनलाइनमध्ये एक चांगलं झालं, शाळेने तोंडी उत्तरं चालवून घेतली. मी फोनवर रेकॉर्ड करते, तो बोलतो. विज्ञानात त्याला एवढं येतं हे आम्हाला सहा वर्षं कळलंच नव्हतं, सगळं त्या अक्षराखाली दबलेलं होतं. परवा पचनसंस्था समजावताना अन्ननलिकेतून घास कसा सरकतो ते त्याने मोज्यात लिंबू घालून दाखवलं.

रानजाई, मुलगा दमला असेल तर त्याला बोलू दे, तू खाली फक्त 'तोंडी घेतलं' असं लिही. त्याच्यासारखं अक्षर काढण्यापेक्षा ते खरं आहे.

---

सरळरेषा
८ ऑगस्ट, रात्री ८:४०

आईचाओवा, माझं बोलणं तुमच्या मुलाला लागू नव्हतं, आणि मी ते सरसकट बोललो. माफ करा. लिंबाची गोष्ट मुलीला सांगितली, तिने लगेच मोजा आणला.

आणखी एक सांगतो. काल मुलीला विचारलं, पाचला संपतं ना सगळं? म्हणाली, "तुमच्यासमोर संपतं. उरलेलं मी सकाळी पाचला उठून करते." मला ठाऊक नव्हतं. उद्यापासून मिनिटं लिहायचं आम्हीही सुरू करतोय.

---

माळावरचा
८ ऑगस्ट, रात्री ९:१०

सरळरेषा दादा, पोरगी बोलली हे लई झालं.

---

कोवळंऊन
१२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

१७ तारखेपासून शाळा उघडणार म्हणून दप्तर धुऊन वाळत घातलं होतं. आता कोरोनाच्या टास्क फोर्सने नको म्हटलं, निर्णय थांबला. दप्तर अजून दोरीवरच आहे. म्हणजे हा धागा अजून बराच चालणार. रानजाई, पुढे काय झालं?

---

रानजाई
१८ ऑगस्ट, रात्री ९:२५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

खडूफळा यांनी सांगितल्याप्रमाणे सहा दिवस मिनिटं लिहिली. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी कागद लावला आणि मुलालाच लिहायला सांगितलं. सरासरी दिवसाला ४ तास १० मिनिटं निघाली, शाळेचे तास सोडून. त्यातली फोटो, पीडीएफ, अपलोड यांची ५५ मिनिटं! नुसतं प्रश्न उतरवून घेण्याची ४०. म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ असा, की ज्यात तो काही शिकतच नव्हता. मी इतके दिवस त्याला 'हळू आहेस' म्हणत होते. तो कागद बघितल्यावर त्याला जवळ घेतलं आणि सॉरी म्हटलं.

वर्गशिक्षिकेला पत्र लिहिलं, कागदाचा फोटो जोडला. दोन दिवस उत्तर नाही, मी धास्तावले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, पाऊण तास बोललो. त्यांची स्वतःची मुलगी चौथीत आहे. सगळं मान्य झालं असं नाही. तास पाचच राहिले, ते वरून ठरतं म्हणाल्या. पण तीन बदल झाले, सगळ्या वर्गासाठी: प्रश्न उतरवायचे नाहीत, नुसता क्रमांक टाकून उत्तर लिहायचं. फोटो रोज नाही, विषयवार ठरलेल्या दिवशी, आठवड्याला एकदा. आणि ग्रुपवर दुपारी तीननंतर नवा अभ्यास पडणार नाही. गणिताच्या सरांनी १८ ची १८ च ठेवलीत. तीही आता अडत नाहीत, कारण मुलगा ताजा असतो.

घरी डोंगरशाळा यांचा प्रश्न रोज विचारतो. आता तोच निवडतो आणि बहुतेक बरोबर निवडतो. काल त्याने अपूर्णांकांची बेरीज निवडली आणि व्हिडिओ सोडला. मी बाईंना 'व्हिडिओ केला नाही' एवढंच कळवलं. हात थरथरला पाठवताना. त्यांनी अंगठा दाखवला, बस.

मंगळवारच्या त्या हिंदीच्या वर्कशीटचंही बाईंना सांगितलं. त्यांनी नवी कोरी पाठवली. त्याने अर्धी केली, सात चुका निघाल्या. त्या सातही मी माझ्या अक्षरात झाकल्या होत्या.

निवांत आजोबा, आमच्याकडे घंटा सासूबाई देतात, पण ताटलीवर चमच्याने. आत्ता सव्वानऊला शेवटची झाली.

---

खडूफळा
१८ ऑगस्ट, रात्री ९:५०

'प्रश्न उतरवायचे नाहीत' हे मी आजच आमच्या ग्रुपवर टाकलं, तुमच्या पत्राआधी मला सुचलं नव्हतं. ३२२ ची आता दीडशेच्या आसपास होतील.

---

माळावरचा
१९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

ताई, त्या पत्राचा मजकूर हितं टाकता का? थोरलीच्या नववीच्या सरांना पाठवायचाय. ती म्हणते ती स्वतः लिहील, पण सुरुवात कशी करायची ते सांगा.

---

रानजाई
१९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

टाकते संध्याकाळी. सुरुवात अशी होती: "आदरणीय बाई, तुम्हीही रात्री उशिरापर्यंत जागता हे मला माहीत आहे, म्हणून आधी आमचा कागद पाठवते." थोरलीला म्हणावं, पुढचं तिच्या दारावरचं लिही.